ब्रह्मतालची वाट, रूपकुंडाचा वाद

"रूपकुंडात आपली कोकणस्थ माणसं पडलीत, ठाऊक आहे ना?" बायकोच्या मामांनी एका लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं आणि शांतपणे मठ्ठा मागून घेतला. मामा इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. पुराव्याशिवाय बोलत नाहीत, आणि पुरावा मिळाला की थांबत नाहीत.

पुरावा होता २००४ सालचा. त्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकच्या पुढाकाराने अभ्यासकांची एक तुकडी रूपकुंडावर गेली. सोळा हजार फुटांवरचं ते छोटं तळं, काठावर आणि पाण्यात शेकडो माणसांची हाडं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि प्रमोद जोगळेकर हे त्या अभ्यासात होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल, जड वस्तूच्या आघाताच्या खुणा सापडल्या आणि गारांच्या वादळाचं अनुमान निघालं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेत डीएनए तपासला गेला, तेव्हा काही नमुन्यांचं साम्य महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी दिसल्याच्या बातम्या छापून आल्या. मामांनी ते कात्रण जपून ठेवलंय.

मला हिवाळ्यात बर्फातलं एखादं तळं बघायचंच होतं. रूपकुंड हिवाळ्यात अशक्य, आणि २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातल्यापासून एरवीही ती वाट जवळपास मिटलेली. पण रूपकुंडाला जाणारे ज्या लोहाजंगहून निघत, तिथूनच ब्रह्मतालची वाट फुटते. ती हिवाळ्यातच चालायची वाट आहे. दहा हजार फुटांच्या वरचं गोठलेलं तळं, आणि त्याच्या वरच्या धारेवरून रूपकुंडाची सगळी वाट समोर मांडलेली. बेत ठरला.

बेत कसला, आभाळाची मनधरणी! भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात डिसेंबर ते मार्च गढवालवर बर्फ टाकतात. त्यांच्या येण्याला वेळापत्रक नसतं, रेल्वेचं आरक्षण मात्र दोन महिने आधी करावं लागतं. त्यामुळे पुण्यात बसून रोज लोहाजंगच्या गाइडला "बर्फ पडला का?" असं विचारणं आणि "आप आओ तो सही" एवढंच उत्तर घेणं, असा महिना गेला. जानेवारीचा शेवट धरला. बुटांना लावायचे काटे, पिंढरीवर चढवायचे गेटर, लोकरीचे मोजे यांनी सॅक भरली.

काठगोदामला उतरून जीपने वर. अल्मोड्याला बालमिठाई घेतली. कौसानीत गांधीजी १९२९ साली राहिले आणि गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना त्यांनी तिथे लिहिली, हे ड्रायव्हरने गाडी न थांबवता सांगितलं. बैजनाथची कत्यूरी देवळं नदीकाठी उन्हात बसली होती, त्यांना खिडकीतूनच नमस्कार केला. ग्वालदम, थराली, देवाल अशी गावं मागे टाकत दिवेलागणीला लोहाजंग गाठलं.

तिथल्या हॉटेलाबद्दल बोलावं तितकं थोडं. "चोवीस तास गरम पाणी" ही पाटी होती, गीझरही होता, पण नळातलं पाणीच गोठलेलं. खोलीचा हीटर लावला की अख्ख्या मजल्याची वीज जायची, म्हणून मालकाने तो फक्त दाखवायला ठेवलेला. पांघरायच्या रजया इतक्या जड की कूस बदलायला कुणाला तरी हाक मारावी. भरपाई केली ती स्वयंपाकघरातल्या चुलीने. तिथे बसून मंडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, गरम रोट्या आणि गहतची डाळ खाल्ली. गहत म्हणजे आपले कुळीथ. मामा असते तर इथेही त्यांनी कोकण शोधलं असतं.

गाइड पोरगा तरतरीत, पण इतिहासात थेट १९४२ वर उडी मारणारा. "सर, वो जापानी फौजी थे." ही गोष्ट ऐंशी वर्षं फिरतेय. १९४२ साली एच. के. मधवाल या वनरक्षकाने ती हाडं पाहिली. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपानी सैन्य डोंगर ओलांडून आलं की काय, अशी शंका निघाली. हाडं जुनी आहेत हे कळल्यावर जपानी मागे पडले आणि डोगरा सेनापती जोरावरसिंगाचं नाव पुढे आलं. १८४१ च्या हिवाळ्यात तिबेटवरच्या स्वारीत त्याचा अंत झाला आणि त्याचं सैन्य थंडीने संपलं. त्यातलेच वाट चुकलेले हे असावेत, असा तर्क. पण हाडांत बायकाही होत्या. फौज बायकांना घेऊन एवढ्या उंचीवर कशाला येईल? गाइडला हे सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "टूरिस्ट को फौजी अच्छे लगते हैं."

बांज आणि बुरांशाच्या जंगलातून बर्फ तुडवत बेकालताल गाठलं. तळ्यावर बर्फाची साय, कडेला काळं पाणी. गाइडने पाय ठेवू दिला नाही, कारण काठाशी बर्फ पातळ असतो. दुसऱ्या मुक्कामाला ब्रह्मताल. ब्रह्मदेवाने इथे तप केलं म्हणतात. जागा निवडण्यात देवांचा हात कुणी धरू शकत नाही, पण थंडीचा विचार त्याने केला नसावा. तळं पुरतं गोठून वर बर्फाने झाकलेलं. तळं नेमकं कुठे संपतं हे गाइडलाच विचारावं लागलं.

पहाटे धारेवर चढलो. समोर सात हजार मीटरवर गेलेला त्रिशूल आणि शेजारी नंदाघुंटी. त्यांच्या अलीकडे आली आणि बेदिनी बुग्यालांची पांढरी पाठ, त्यापुढे पातरनचौनीकडे जाणारी धार. आमच्या गटातली इतर मंडळी ब्रह्मतालच्या शिखराकडे निघाली. मी म्हटलं, मी इथेच बसतो. गाइडने बराच आग्रह केला, मग थर्मास माझ्याजवळ ठेवून तोही गेला.

पातरनचौनीच्या त्या धारेवरूनच नंदादेवीची राजजात जाते. बारा वर्षांनी निघणारी ही यात्रा म्हणजे माहेरवाशीण नंदेची कैलासाला, सासरी पाठवणी. नौटीहून होमकुंडापर्यंत, पुढे चार शिंगांचा मेंढा. लोककथेत कनौजचा राजा जसधवल या यात्रेला आला, तो गरोदर राणी आणि नाचणाऱ्या बायकांचा ताफा घेऊन. पातरनचौनीला त्याने नाच लावला, देवी कोपली, आणि वर रूपकुंडापाशी लोखंडासारख्या गारांनी सगळे मेले. विल्यम सॅक्स या मानववंशशास्त्रज्ञाने राजजातीवर ग्रंथ लिहिला आहे आणि तोही २००४ च्या मोहिमेत होता. कवट्यांवरचे आघात आणि लोककथेतल्या गारा जुळल्या, तेव्हा गोष्ट किती नेमकी बसली होती!

ती बसलेली गोष्ट २०१९ साली विस्कटली. 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ जणांचा जनुकसंच वाचला गेला. डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी त्यात सहलेखिका होत्या. ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडातले, पण कुठल्याही एका समाजाचे नव्हेत. आणि तेही एकाच दिवशी मेलेले नाहीत, सातव्या ते दहाव्या शतकांदरम्यान वेगवेगळ्या वेळी. काहींच्या हाडांत भरडधान्याच्या आहाराची खूण, काहींच्या नाही. म्हणजे ताटंही वेगळी. एक जण आग्नेय आशियातला. उरलेले १४ पूर्व भूमध्य प्रदेशातले, क्रीट आणि ग्रीसच्या आजच्या लोकांशी जवळीक असलेले, आणि मृत्यू १८०० च्या आसपास!

लोहाजंगला परतल्यावर मामांना फोन लावला. अभ्यास त्यांनी वाचला होता, फक्त सांगितला नव्हता.

"२००४ ची बातमी गेली, मामा. तेव्हा जनुकांचा थोडाच भाग वाचला होता."

"चौदा म्हणालास ना?" मामांचा आवाज चढला. "कोकणस्थांच्या कथेत परशुरामाने समुद्रकाठच्या चितेवरून किती प्रेतं उठवली? चौदा. आणि हे समुद्राकडचेच!"

"मामा, १८०० साली नाना फडणीस वारले आणि पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. कोकणस्थ व्हायला तेव्हा फार उशीर झाला होता."

मामा मनापासून हसले, पण पुढे म्हणाले ते वाजवी होतं. "मग तू सांग, ग्रीक माणसं गढवालात मरायला कशी आली?" त्याचं उत्तर त्या अभ्यासातही नाही. त्या चौदांत बायका आहेत, पुरुष आहेत, आपसात रक्ताचं नातं दिसत नाही, आणि साथीच्या रोगाचे जंतूही सापडले नाहीत. मात्र मामांच्या आणि गाइडच्या गोष्टीतला सारखेपणा मला तेव्हा दिसला. दोघांनाही त्या मेलेल्यांना एक फौज, एक जात, एक वादळ द्यायचं होतं. हाडं तसं म्हणत नाहीत. तिथे शतकानुशतकं निरनिराळी माणसं येत राहिली, एवढंच ती म्हणतात.

परतीच्या बेतात कौसानीचा सूर्योदय होता. तो रद्द करून वाण गावाला गेलो. यात्रेच्या वाटेवरचं हे शेवटचं गाव. इथला लाटू देवता नंदेचा धर्मभाऊ, राजजातीला पुढे वाट दाखवणारा. त्याचं देऊळ वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला उघडतं, आणि पुजारीही डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो. दार बंदच होतं. ओट्यावर उन्हाला बसलेल्या एका आजोबांनी गोष्ट सांगितली, की लाटू मूळचा इथला नव्हेच, तो कनौजहून आलेला ब्राह्मण. परका राजा जसधवल गारांनी मेला, आणि त्याच्याच मुलखातला दुसरा परका इथे देव होऊन बसला! आजोबांना त्यात काही विसंगती वाटत नव्हती. "जो चला, सो नंदा का," ते म्हणाले.

तेव्हाच पुढचा बेत मनात ठरला. बर्फातलं ब्रह्मताल देखणं आहे. जरूर जा, फक्त झऱ्याचं पाणी आणि हॉटेलची पाटी यांतल्या झऱ्यावर विश्वास ठेवा. पण पुढची राजजात निघेल तेव्हा मला नौटीपासून निदान वाणपर्यंत, भादव्याच्या चिखलात, मेंढ्यामागे चालायचं आहे. त्या वाटेवर कोण कोण आणि कशासाठी येतं, हे मेलेल्यांच्या हाडांना पुरेसं विचारून झालंय. आता चालणाऱ्यांना विचारू. मामांच्या गुडघ्यांनी होकार दिला, तर त्यांनाही सोबत नेईन.