पैसे आपले, फोन कुणाचा?

आईसाठी नवा फोन घ्यायचाय. कॅमेरा, बॅटरी सगळं दुकानदार घडाघडा सांगतो. आत आधीपासून काय काय भरलंय, ते कुणीच सांगत नाही. म्हणून आज दुकानातल्या फोनची सेटिंग्ज उघडून ॲपची यादीच वाचली. गेम, खरेदीची ॲप, बातम्या, कंपनीचा वेगळा ब्राउझर. काहींवर दाबलं की ‘अनइन्स्टॉल’ येतं, काहींवर नुसतं ‘डिसेबल’. ही दुसरी सिस्टिममध्येच बसवलेली. बंद केली तरी जागा अडवून बसतात.

2022 साली भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, शिवाय आधीच बसवलेली ॲप ग्राहकाला काढू द्या, असंही बजावलं. 2023 मध्ये अपिलात दंड टिकला, तो आदेश मात्र रद्द झाला. माझ्या लेखी दंडापेक्षा आदेशच मोलाचा होता.

स्क्रीनवर ‘परवानगी द्या’ आलं की आई देऊन मोकळी होते. कुठल्याशा गेमने तिच्याकडे आमचे सगळ्यांचे नंबर मागावेत, हे मला पटत नाही. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कमीत कमी ॲपचा फोन घेईन. आणि तिच्या हातात देण्याआधी नको ते सगळं काढून, नोटिफिकेशनही बंद करून देईन.