किलोमीटरची सरासरी आणि पुलाजवळचा धक्का

नव्या रस्त्याची प्रत ठरवताना डांबराचे प्रमाण आणि दबाईची घनता यांच्याबरोबरीने पृष्ठभागाची असमतलता, म्हणजे चाकाच्या वाटेवरील लहानमोठे चढउतार, मोजली जाते. त्यासाठी भारतात दीर्घकाळ वापरात असलेला ‘बंप इंटिग्रेटर’ हा वाहनामागे ओढला जाणारा एकचाकी गाडा असून, ताशी ३२ किलोमीटर वेगाने जाताना त्याच्या चाकाला बसणाऱ्या हेलकाव्यांची बेरीज दर किलोमीटरला इतके मिलिमीटर अशी नोंदली जाते. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलोग्रॅम राखावा लागतो, कारण दाब किंवा वेग बदलला की आकडाही बदलतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २००४ च्या मार्गदर्शिकेनुसार बिटुमिनस काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी २००० च्या आतील आकडा चांगला आणि ३००० च्या पुढील खराब मानला जात असे.

प्रस्तुत लेखकाला आजही सलणारी गोष्ट या उपकरणाची नसून त्याच्या आकड्यांवर कागदावर झालेल्या प्रक्रियेची आहे. एका नव्या चौपदरी रस्त्याच्या हस्तांतरणापूर्वीच्या मोजणीत प्रत्येक लहान पूल जवळ येताच नोंदयंत्रावर खूण केली जात होती आणि पूल ओलांडल्यावर ती पुन्हा केली जात होती. पुढे तक्ता तयार करताना या दोन खुणांमधला भाग ‘बांधकामाचा भाग’ म्हणून वगळून उरलेल्या अंतराची सरासरी काढण्यात आली. वास्तविक सर्वाधिक धक्के याच ठिकाणी बसत होते, कारण पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे अरुंद जागेत रोलर नीट पोहोचत नाही, तेथील भराव पुरेसा दाबला जात नाही, आणि तो खचला की पुलाची स्लॅब जागेवर राहून जोडरस्ता मात्र खाली बसतो. खुणा सांध्यावर नव्हे तर सांध्याच्या बऱ्याच अलीकडे केल्या जात असल्याने खचलेला जोडरस्ताही पुलाबरोबर तक्त्यातून नाहीसा झाला. त्यावर हरकत घेतली असता, पुलाचे मोजमाप रस्त्याच्या चाचणीत धरत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले; परंतु जोडरस्ता हा पूल नव्हे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि कागदावर सर्व किलोमीटर उत्तीर्ण ठरले.

तो भाग वगळला नसता, तरी सरासरीने बरेच काही झाकलेच असते. ९०० मीटरचा आकडा १७०० आणि उरलेल्या १०० मीटरचा ३७०० असला, तरी संपूर्ण किलोमीटरचा आकडा १९०० येतो आणि तो २००० च्या त्या मर्यादेत बसतो. दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाचा मणका मात्र सरासरीवरून प्रवास करत नाही. म्हणून सरासरी हीच अन्यायाचे मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत बनले होते. तथापि पुढे दुसऱ्या एका कामावर, डंपर उशिरा आल्याने पेव्हर वारंवार थांबून थंड झालेल्या मिश्रणावर आडवे उंचवटे आले होते, आणि पर्यवेक्षकांच्या डोळ्यांना ते मान्य होत असताना केवळ किलोमीटरची सरासरी २००० च्या वर गेली म्हणून कंत्राटदाराला थर खरवडून पुन्हा टाकावा लागला. त्या दिवशी याच सरासरीचा आधार वाटला. या दोन अनुभवांचा मेळ प्रस्तुत लेखकाला आजही पूर्णपणे घालता आलेला नाही.

लेझरयुक्त सर्वेक्षण वाहने आता दर १०० मीटरचा आकडा सहज देतात. त्यामुळे हस्तांतरणाच्या कागदपत्रांत तो आकडा, वगळलेल्या प्रत्येक भागाची लांबी आणि वगळण्याचे कारण यांसह, बंधनकारक केला जावा. ज्या नागरिकाला आपल्या गावाजवळच्या नव्या रस्त्यावर पुलापाशी धक्का बसतो, त्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली केवळ सरासरीचा तक्ता न मागता मूळ नोंदी मागाव्यात.