एक माता, दोन ध्वज

चेंडूच्या खेळांत मन गुंतविणें हें विद्याव्यासंगी माणसास शोभत नाहीं, असें मानणारीं कुटुंबें आपल्याकडे अजूनहि आढळतात. फुटबॉलचे डावपेंच मलाहि फारसे उमगतात असें नाहीं. तथापि एखाद्या खेळाडूचें चरित्र असें असतें कीं, त्यांत खेळ निमित्तमात्र ठरतो आणि कुटुंब, देश व निष्ठा यांविषयींचे जुनेच प्रश्न नव्या रूपानें आपल्यापुढें उभे राहतात. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा नायक म्हणून नांवारूपास आलेला ग्रानित जाका याचें चरित्र मला याच कारणास्तव मननीय वाटलें.

या कथेचा उगम स्वित्झर्लंडांत नाहीं. तो कोसोव्होंत आहे. हा प्रांत त्या काळीं युगोस्लाव्हियांत मोडत असे व तेथील बहुसंख्य लोक अल्बानी भाषा बोलणारे होते. ग्रानितचे वडील रागिप जाका हे ऐन तारुण्यांत, १९८६ सालीं, बेलग्रेडच्या मध्यवर्ती सरकारविरुद्ध निघालेल्या निदर्शनांत सामील झाले. त्यांना कैदेची शिक्षा झाली व सुमारें साडेतीन वर्षें तुरुंगांत काढल्यावर त्यांची सुटका झाली. १९९० मध्यें या दांपत्यानें मायभूमि सोडली आणि ऱ्हाइन नदीच्या कांठच्या बाझल नगरांत बिऱ्हाड थाटलें. तेथें १९९१ च्या मार्चमध्यें तौलान्त व १९९२ च्या सप्टेंबरमध्यें ग्रानित असे दोन पुत्र त्यांना झाले. स्वातंत्र्यासाठीं भोगलेल्या तुरुंगवासाची कथा या मुलांना पुस्तकांत शोधावी लागली नाहीं. त्या कथेचा नायक रोज त्यांच्यासमवेत जेवावयास बसत असे.

ग्रानितनें एका मुलाखतींत सांगितलें आहे कीं, आईवडील कामावर जात तेव्हां घराची किल्ली थोरल्या भावाऐवजीं त्याच्या स्वाधीन करीत. गोष्ट लहानशी, परंतु अर्थपूर्ण आहे. पुढें मैदानावर त्याच्या वांट्यास आलेलें काम याच जातीचें होतें. गोल करून टाळ्या मिळविणारा तो खेळाडू नव्हे. मैदानाच्या मध्यभागीं राहून चेंडू कोणाकडे, केव्हां व किती वेगानें धाडावयाचा हें ठरविणारा तो कारभारी आहे. घरोघरीं असा एखादा माणूस असतो. सारें सुरळीत चाललें असतां त्याची आठवण कोणास होत नाहीं आणि कांहीं बिघडलें कीं सर्वांचीं बोटें त्याच्याकडेच वळतात.

२००९ सालीं नायजेरियांत सतरा वर्षांखालील मुलांची विश्वस्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या स्विस संघांत ग्रानित होता. पुढच्याच वर्षीं तो एफसी बाझलच्या मुख्य संघांत आला व दोनदां देशाचें साखळी अजिंक्यपद मिळविण्यांत सहभागी झाला. २०११ च्या जूनमध्यें लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्यानें राष्ट्रीय संघांत पदार्पण केलें. २०१२ मध्यें तो जर्मनींतील म्योन्शनग्लाडबाख संघांत गेला आणि चार वर्षांनीं लंडनच्या आर्सेनलनें त्यास आपलेंसें केलें. थोरला तौलान्त मात्र बहुतांशीं बाझलमध्येंच राहिला. स्विस मुलांच्या संघांतून खेळलेल्या या भावानें प्रौढ वयांत अल्बानियाचा गणवेश स्वीकारला.

आणि मग ११ जून २०१६ हा दिवस उजाडला. फ्रान्समधील लान्स या गांवीं युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत स्वित्झर्लंड व अल्बानिया यांची गांठ पडली. त्या स्पर्धेच्या इतिहासांत दोन सख्खे भाऊ परस्परांविरुद्ध उभे ठाकल्याचा हा पहिलाच प्रसंग. प्रेक्षकांत त्यांची आई बसली होती व तिच्या अंगांत अर्धा अल्बानियाचा आणि अर्धा स्वित्झर्लंडचा असा एकत्र शिवलेला सदरा होता. स्वित्झर्लंडनें एक गोलनें विजय मिळविला. जगानें त्या सदऱ्याकडे कौतुकानें पाहिलें. मला मात्र त्यांतील मधली शिवण अधिक बोलकी वाटली. एका पुत्राचा जय तोच दुसऱ्याचा पराजय, अशा वेळीं आईनें टाळी वाजवावी ती कोणत्या हातानें?

दोन वर्षांनीं हीच शिवण उसवूं पाहत होती. २२ जून २०१८ रोजीं रशियांतील कालिनिनग्राड येथें विश्वचषकांत स्वित्झर्लंडची सर्बियाशीं लढत झाली. कोसोव्होनें २००८ सालीं पुकारलेलें स्वातंत्र्य सर्बियास मान्य नाहीं. त्या दिवशीं ग्रानितनें गोल केला आणि दोन्ही तळहात छातीशीं एकमेकांत गुंतवून अल्बानी ध्वजावरील द्विमुखी गरुडाची खूण केली. कोसोव्होंतच जन्मलेला त्याचा सहकारी जर्दान शाचीरी यानेंहि अखेरचा गोल केल्यावर तेंच केलें. दोघांस प्रत्येकीं दहा हजार फ्रँक दंड झाला. स्वित्झर्लंडांत वाद पेटला व दुहेरी नागरिकत्व असलेले खेळाडू राष्ट्रीय संघांत असावेत काय, अशी पृच्छा फुटबॉल मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यानेंच केली.

त्या खुणेचें समर्थन करावें असें मला वाटत नाहीं. क्रीडांगण हें जुनें वैर उकरण्याचें स्थान नव्हे, आणि समोरच्या सर्ब प्रेक्षकांतहि युद्धानें पोळलेलीं कुटुंबें असणारच. परंतु त्या पदाधिकाऱ्याचा प्रश्न मला अधिक खटकतो. ज्या गोलबद्दल ती खूण झाली तो गोल स्वित्झर्लंडच्याच पदरांत पडला होता! ज्या पित्यास त्याच्या देशानें कोंडलें आणि दुसऱ्यानें आसरा दिला, त्याच्या पुत्रानें पहिल्या भूमीची आठवण बुजवावी, तरच दुसऱ्या भूमीवरील त्याची निष्ठा खरी मानावयाची, हा कोठला न्याय? आपल्यांतील कित्येकांचीं मुलें आज परदेशांत स्थायिक झालीं आहेत, नातवंडें तेथील नागरिक आहेत. त्यांनीं घरीं मराठी बोलावें असें आपण आग्रहानें सांगतों. तो आग्रह त्या देशाशीं द्रोह आहे असें आपणांस कधीं वाटतें काय?

निष्ठेची खरी कसोटी घोषणांनीं होत नाहीं. अपमानानंतर माणूस कसा वागतो यावरून ती होते. २७ ऑक्टोबर २०१९ रोजीं आर्सेनलचा नायक असतांना ग्रानितला सामन्याच्या मध्यें बाहेर बोलावण्यांत आलें. स्वतःच्याच प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. त्यानेंहि संतापून कानाशीं हात नेला व अंगांतील गणवेश काढला. नायकपद गेलें. आपल्या पत्नीविषयीं व तान्ह्या मुलीविषयीं लोकांनीं किती अभद्र शब्द लिहिले, हें त्यानें नंतर प्रकट केलें. सामान बांधून तयार होतें. परंतु नवे शिक्षक मिकेल आर्तेता यांच्या शब्दाखातर तो राहिला. २०२० मध्यें त्या संघानें इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला तेव्हां तो मैदानावर होता. २०२३ च्या मेमध्यें निरोपाच्या सामन्यांत त्यानें दोन गोल केले, आणि ज्या प्रेक्षकांनीं हुर्यो केली होती तेच त्याचें नांव गात होते.

पुढील वर्षीं जर्मनींतील लेव्हरकूझेन संघानें साखळीचे ३४ सामने एकहि पराभव न पत्करतां खेळून आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. त्याच्या मध्यभागीं ग्रानित होता. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यांतील एकमेव गोलहि त्याचाच. राष्ट्रीय संघाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा स्विस विक्रमहि २०२३ मध्यें त्याच्या नांवें लागला. २०२५ च्या उन्हाळ्यांत तो इंग्लंडांत परतला व संडरलंड या नव्यानें वर चढलेल्या संघाचें नायकत्व त्यानें पत्करलें.

ज्याच्या निष्ठेविषयीं शंका घेतली गेली, त्याच्याइतके वेळां तो तांबडा गणवेश दुसऱ्या कोणाहि स्विस पुरुष खेळाडूनें अंगावर चढविला नाहीं, यांत सारें उत्तर आलें. लान्स येथील त्या मातेस कोणी विचारलें असतें कीं, बाई, यांतला तुमचा खरा देश कोणता, तर तिनें काय सांगितलें असतें कोण जाणे. पण दोन्ही तुकडे तिनें एकाच सदऱ्यांत शिवून घेतले होते, आणि तो सदरा तिच्या अंगास नीट बसत होता.