दोन फेरे हाताने

चालत्या यंत्राला हात लावू नये, ही ताकीद आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. आमच्या भिवंडीत तर ती बाळकडूबरोबरच मिळते. गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट चालू. मूल रांगू लागले की पट्टा आणि चाक या दोन शत्रूंची ओळख त्याला आधी करून द्यावी लागते. पण याच गावात मी दुसरीही एक गोष्ट पाहिली आहे. माग दुरुस्त झाला की जाणता जॉबर लगेच मोटार चालू करीत नाही. तो आधी मागाचे चाक स्वतःच्या हाताने सावकाश फिरवतो. फणी पुढे-मागे होते, ताण्याचे धागे उघडतात, मिटतात, आणि धोटा आपल्या पेटीत नीट पोचतो की नाही ते तो निरखून बघतो. धोटा मध्येच अडकला असता आणि माग विजेवर असता, तर एका ठोक्यात शेकडो धागे तुटले असते. हात मात्र अडथळा लागताच आपोआप थांबतो.

मोटारीचेही नेमके हेच आहे. आमच्याकडे वडिलांच्या वेळची अँबॅसडर आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमचीने मात्र ते अजून मनावर घेतलेले नाही. तिच्या पुढच्या अंगाला हँडल घालण्यासाठी एक भोक आहे. हल्लीची मुले ते पाहून, “सर, इथून काय घालतात?” असे विचारतात. हँडल मारून गाडी चालू करण्याचा काळ त्यांच्या जन्मापूर्वीच संपला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला, पुढच्याच वर्षीच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला, आणि हळूहळू जगभरच्या मनगटांची सुटका झाली. सुटकाच म्हणायची, कारण इंजिनाने उलटा हिसका दिला की धरणाऱ्याचा अंगठा नाही तर मनगट मोडत असे. मला हँडल धरायला शिकवणाऱ्या वृद्ध मिस्त्रींचा पहिला धडा हाच होता. “मास्तर, मुठीत पकडू नका. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवा, आणि खाली दाबू नका, वर ओढा.” त्यांचा स्वतःचा उजवा अंगठा वाकडा होता, त्यामुळे धडा समजायला आणखी उदाहरण लागले नाही.

गाडी चालू करण्यासाठी आता हँडल लागत नाही. पण दरसाल दसऱ्याच्या आधीच्या रविवारी टॅपेट लावताना मी ते बाहेर काढतोच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची तार सोडलेली, चारही प्लग काढून ठेवलेले. प्लग काढले की आत दाबली जाणारी हवा मोकळी होते आणि इंजिन लहान मुलाच्या हातानेही फिरते. आठ व्हॉल्व्ह एका ओळीत असतात. त्यांचा एक गमतीचा नियम आहे: बेरीज नऊ झाली पाहिजे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसऱ्याची, चौथा असेल तेव्हा पाचव्याची. अंकगणिताचा इतका सरळ उपयोग मला शाळेच्या पुस्तकातही क्वचितच सापडला आहे.

सगळे लावून झाले की शेवटचा विधी. किल्लीला हात लावण्यापूर्वी हँडलाने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे. एक नव्हे, दोनच. कारण इंजिनाचे चार टप्पे दोन फेऱ्यांत पूर्ण होतात, आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. नव्या गाड्यांत टायमिंग बेल्ट बदलल्यावरही जाणते कारागीर पुलीच्या नटाला पाना लावून हेच दोन फेरे घेतात. बेल्ट एखाददुसरा दात चुकून बसला असेल, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. हाताला तो कठीण स्पर्श कळतो. स्टार्टरला ताकद असते, स्पर्श नसतो.

हे दोन फेरे न घेतल्याची किंमत मी एकदा मोजली आहे. गावातल्या एका गॅरेजात हेड उघडून पुन्हा बसवले होते. एक पुशरॉड आपल्या खोबणीत बसलाच नव्हता. घाईत असलेल्या पोराने थेट किल्ली फिरवली, खाडकन आवाज झाला, आणि काठीसारखा सरळ पुशरॉड धनुष्य होऊन बाहेर आला. हाताने फिरवले असते, तर अर्ध्या फेऱ्यातच काहीतरी अडते आहे हे कळले असते. त्या पोराचा मला राग आला नाही. त्याला कोणी वाकडा अंगठा दाखवला नव्हता, इतकेच.

म्हणून यंदा मी हँडल मुलीच्या हाती दिले. आठवीत आहे ती. अंगठा कुठे ठेवायचा हे तिच्याकडून तीनदा म्हणून घेतले. पहिल्या प्लगच्या भोकावर मी बोट ठेवले आणि तिला फिरवायला सांगितले. बोटाखालून हवा फुसकन सुटली. मग आम्ही जागा बदलल्या.

“बाबा, ढकलतेय ती मला!” ती ओरडली.

“तो पिस्टन वर येतोय. आता सांग, कुठे अडतंय का?”

तिने मान वाकडी करून कान दिला. इतक्या लक्षपूर्वक तिने माझे एकही वाक्य ऐकलेले नाही. “नाही. सगळीकडे सारखंच जातंय.”

एवढ्यात दारातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, तुमचे फेरे संपले असतील तर गाडी काढा. भाजणी दळून आणायचीय.”

“आई, थांब,” मुलगी हँडल न सोडता म्हणाली, “अजून एक फेरा राहिलाय.”