आउग्सबुर्गची तेलगाडी

म्युनिकहून आगगाडीने पाऊण तासात आउग्सबुर्ग येते. सहलीच्या कंपन्या प्रवाशांना राजवाडे आणि बर्फाची शिखरे दाखवितात; हे गाव त्यांच्या कार्यक्रमात सहसा नसते. व्यापारी घरातील माणसाने मात्र ते चुकवू नये. लेख नदीच्या काठचे हे मूळ रोमन ठाणे. सोळाव्या शतकात येथील याकोब फुग्गर याच्या पेढीने सम्राटांना कर्जे दिली. त्याच फुग्गरने १५२१ मध्ये गावातील गरीब कष्टकऱ्यांसाठी एक वसाहत स्थापन केली. ती आजही नांदती आहे, आणि तेथील घराचे वर्षाचे मूळ भाडे ८८ सेंट, म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेर, एवढेच आहे. भाडेकरूंनी संस्थापकासाठी रोज प्रार्थना करावी, अशी जोड-अट आहे. पाचशे वर्षे भाडे न वाढविणारा घरमालक आपल्या बाजारपेठेत शोधून सापडावयाचा नाही.

सांगलीतील एका जुन्या तेल पेढीचे वडीलधारे गृहस्थ, ज्यांना घरीदारी अण्णा म्हणतात, एका मे महिन्यात आपल्या अभियंता मुलाकडे या गावी राहावयास गेले. वय सत्तरीच्या पुढे, गिरणी केव्हाच बंद झालेली. पण बी हातात घेतले की तेलाचा उतारा सांगण्याची सवय सुटलेली नाही. गावाबाहेर पडताच त्यांना दोन्ही बाजूंनी पिवळीधमक शेते दिसली. मोहरीच्याच कुळातील हे पीक, तिकडे त्याला राप्स म्हणतात. अण्णांनी मुलास गाडी थांबवावयास लावून बांधावरून पीक न्याहाळले.

परतताना मुलाने त्यांना विटेल्सबाखर उद्यानात नेले. तेथे झाडांच्या सावलीत मोठमोठ्या शिळांची एक शांत जागा आहे. हे रुडोल्फ डिझेल यांचे स्मारक. ते उभारण्यासाठी १९५७ मध्ये देणगी दिली ती कोणा जर्मन कारखानदाराने नव्हे, तर लहान डिझेल इंजिने घडविणारे जपानी उद्योजक यामाओका मागोकिची यांनी. शिळाही जपानहूनच आल्या.

ज्याच्या आडनावाने आपल्याकडचा शेतकरीही इंधन मागतो, त्या माणसाची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. डिझेल यांचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. वडील पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत. १८७० च्या युद्धात कुटुंबास पॅरिस सोडावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडोल्फला नातलगांकडे आउग्सबुर्गला धाडण्यात आले. पुढे याच गावच्या यंत्रकारखान्यात १८९३ ते १८९७ अशी चार वर्षे त्यांचे प्रयोग चालले. १८९७ च्या अधिकृत चाचणीत इंजिनाने इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी लावली. त्या काळची वाफेची यंत्रे याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचत.

डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच शोधले, असे पुष्कळदा छापून येते. ते बरोबर नाही. पहिले प्रयोग खनिज तेलांवरच झाले. शेंगतेलाची कथा १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील आहे. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक होत असल्याने फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून तेथे एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की हा बदल फारच थोड्यांच्या लक्षात आला, असे डिझेल यांनी स्वतः पुढे नमूद केले. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते रात्रीतून नाहीसे झाले. पेटंटांवर अपार संपत्ती मिळविलेल्या या गृहस्थांची देणी त्या वेळी मालमत्तेहून कितीतरी अधिक होती.

“अण्णा, शेंगतेलावर इंजिन चालते हे तुम्हांला ठाऊक होते?” मुलाने विचारले. अण्णांनी नुसते “हं” म्हटले. मुलाला ते थोडे चमत्कारिक वाटले; पण त्याने पुढे विचारले नाही.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. रविवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमधून भजी तळल्यासारखा वास येऊ लागला. वास्तविक कढई नव्हती. त्यांची जुनी गाडी सुरू होती. फोक्सवागेनची १९८० च्या दशकातील टी-३, मागे उघडा हौदा असलेली, १.६ लिटरचे पन्नास अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. ती त्यांना एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे गंजत पडलेली मिळाली होती. पत्र्याच्या सांध्यासांध्यांतून गंज फुगला होता. तो कापून, नवा पत्रा जोडून गाडी उभी करण्यात तीन हिवाळे गेले. तीस वर्षांवरील गाडी मूळ रूपात राखली, तर जर्मनीत तिला ‘ऐतिहासिक’ अशी पाटी मिळते आणि वर्षाचा कर १९१ युरो ७३ सेंट असा ठरीव लागतो. म्हणून त्यांनी तेलाची सारी जोडणी मूळ पत्र्यास कोठेही छेद न देता केली. उद्या पुन्हा काढून टाकली तरी खूण राहणार नाही, अशी.

ही जोडणी अण्णांनी गाडीखाली वाकून पाहिली. वयाकडे पाहता वाकणे सुनेस पसंत नव्हते.

राप्सचे तेल चाळीस अंश उष्णतेला डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असते. ते थंडच नोझलपर्यंत गेले तर त्याचा नीट फवारा होत नाही, नुसती धार पडते. ती पुरती जळत नाही आणि काजळी धरते. यावर उपाय एकच, तेल तापविणे. या गाडीचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे गरम पाण्याचे नळ गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. हौद्याखालच्या सामानाच्या कप्प्यात तेलाची दुसरी टाकी बसवून त्याच पाण्याची एक शाखा तिच्यातून फिरविली आहे. गाडी डिझेलवर सुरू करावयाची, आठ-दहा किलोमीटरनंतर तेल सत्तर अंशांच्या आसपास आले की कळ फिरवून तेलावर घ्यावयाची; आणि घर दोन-तीन किलोमीटरवर राहिले की पुन्हा डिझेलवर आणून नळ्या, पंप, नोझल धुऊन काढावयाचे. तेल आत ठेवून इंजिन बंद केले की दुसऱ्या दिवसाची सकाळ वाईट जाते. तेलाची वाट तांब्याच्या नळीतून नेलेली नाही, कारण तांब्याच्या संगतीने तेल लवकर बिघडते. साध्या रबराच्या नळ्या फुगतात, त्याही बदलल्या आहेत.

अण्णांचा पहिला प्रश्न, मुलाच्या मध्यस्थीने, वेगळाच होता. हे तेल हॉटेलांच्या कढईतले का? तसे असेल तर त्यात मांसमच्छी तळलेली असणार. शेजाऱ्यांनी हसून नकार दिला. कढईतले तेल त्यांनी आरंभी वापरले होते. पण त्यातील पाणी आणि गाळ काढण्यासाठी आठवडेच्या आठवडे ते निवळत ठेवावे लागे, मग तापवून बारीक गाळण्यांतून काढावे लागे. आता जवळच्या खेड्यातील लहान घाण्यावरून ते ताजे तेल आणतात. बवेरियात असे लहान घाणे पुष्कळ आहेत. तीन किलो बियाला एक किलो तेल, दोन किलो पेंड. पेंड त्याच गावच्या गाईंना. हा उतारा ऐकून अण्णांनी मान डोलावली. जवसाचे तेल चालेल का, असे विचारताच शेजाऱ्यांनी दोन्ही हात वर केले. जवसाचे तेल हवेने वाळून पापुद्रा धरते, म्हणून ते रंग आणि वॉर्निशाच्या कामाचे. इंजिनात ते तेच करील.

पैशाचा हिशेब मात्र जमत नाही. एकेकाळी तेथे या इंधनावर कर नव्हता. तो टप्प्याटप्प्याने वाढवीत २०१३ पासून लिटरला सुमारे ४५ सेंट झाला, आणि अशा गाड्या चालविणाऱ्या बहुतेकांनी तेल सोडले. अण्णांनी कागदावर दुसराही हिशेब मांडला. हेक्टरी साडेतीन टन बी धरले तर घाण्यातून बाराशे-तेराशे लिटर तेल. शंभर किलोमीटरला दहा लिटर म्हटले, तर एका हेक्टरवर ही एकटी गाडी तेरा हजार किलोमीटर चालणार. जो देश आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्याने ताजे तेल जाळू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे मत योग्यच आहे. आपल्याकडे उपयोग आहे तो वापरलेल्या तेलाचा. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यास वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची अन्नसुरक्षा प्राधिकरणाची योजनाही त्याच वर्षीची. फरसाण-मिठाईच्या धंद्यातील वाचकांनी ती पाहावी. बायोडिझेल म्हणजे रासायनिक प्रक्रियेने पातळ केलेले तेल. त्यास दुसरी टाकी लागत नाही.

निघताना शेजाऱ्यांनी फळीवरून एक जुना पिस्टन काढून अण्णांच्या हाती दिला. आधीच्या एका गाडीत, अनुभव नसताना, त्यांनी तेल न तापविता काही आठवडे घातले होते. पिस्टनच्या खाचांत डांबरासारखा काळा थर होता आणि रिंगा त्यात इतक्या घट्ट बसल्या होत्या की नखाने हलत नव्हत्या. अण्णा तो पिस्टन हातात घेऊन बाकावर बसले. सून पाणी घेऊन आली, तरी त्यांचे लक्ष नव्हते.

नंतर त्यांनी जे सांगितले ते घरात कोणी ऐकलेले नव्हते. १९७३-७४ च्या हिवाळ्यात डिझेल मिळेनासे झाले. गिरणीत भुईमुगाच्या शेंगांची थप्पी लागलेली, मालाचा वायदा दिलेला. अण्णांच्या वडिलांनी मिस्त्रींना टाकीच्या तळाचे शेंगतेल इंजिनात घालावयास सांगितले. इंजिन चालले, आणि वडिलांनी ही युक्ती पेठेत चारचौघांना कौतुकाने सांगितली. सहा आठवड्यांनी धूर वाढला, दाब गेला, आणि एका सकाळी इंजिन फिरेना. उघडले तेव्हा रिंगा अशाच चिकटलेल्या. देखभाल नीट केली नाही, असा ठपका मिस्त्रींवर आला. “मालक, मी गाळणी रोज धूत होतो,” एवढेच ते बोलले. दुरुस्तीचे साडेतीनशे रुपये त्यांच्या नावे मांडून पगारातून वळते केले गेले. फाल्गुनात ते काम सोडून मिरजेस गेले. खतावणीतील ती नोंद बावीस वर्षांच्या अण्णांच्या हस्ताक्षरात आहे.

“गाळणी धुऊन हे थांबले असते का?” अण्णांनी शेजाऱ्यांना विचारावयास सांगितले. शेजाऱ्यांनी पिस्टन परत घेऊन फळीवर ठेवला आणि नाही म्हणाले. थंड तेल घातल्यावर कोणत्याही गाळणीने हे टळत नाही.

सांगलीस परतल्यावर अण्णांनी माळ्यावरचे गाठोडे सोडविले. चोपड्यांना वाळवी लागली आहे. पण ते पान शाबूत निघाले. मिस्त्री हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव मिरजेत डिझेल पंप दुरुस्तीचे दुकान चालवितात, इतका ठावठिकाणा लागला आहे. मिरज अवघ्या अकरा किलोमीटरवर. अण्णांचे जाणे अद्याप झालेले नाही, कारण रकमेचा प्रश्न सुटलेला नाही. धाकट्या बंधूंचे म्हणणे, मूळ रक्कम आणि वर एक चांगला अहेर द्यावा. अण्णांचे म्हणणे, पेढी त्या काळी उधारीवर जो दर आकारीत असे, त्याच दराने चक्रवाढ धरावी. दोघांचा कागद-पेन्सिलीचा हिशेब रोज सायंकाळी चालू असतो.