नगरधनचा ठसा

‘सर, रोम लुटलं गेलं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?’ नववीतल्या एका मुलीने विचारले. फळ्यावर मी इ. स. ४१० लिहिले होते. त्या वर्षी २४ ऑगस्टला अलारिकचे गॉथ सैनिक रोममध्ये शिरले आणि तीन दिवस लूट चालली. जवळजवळ आठशे वर्षांत परकी फौज त्या शहरात घुसली नव्हती. त्याच वर्षी इराणचा बादशहा यज्दगर्द याने मात्र आपल्या ख्रिस्ती प्रजेला धर्मसभा भरवू दिली.

मुलीला म्हणालो, ‘उत्तर नगरधनला आहे. रविवारी जाऊ.’

संमतिपत्रे गोळा करताना एका मुलाच्या कागदावर अम्मीची सही दिसली. छापील रकाना ‘वडिलांची सही’ असा होता. मी सवयीने म्हणालो, ‘अब्बांची सही आण.’ त्याने मान खाली घातली. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, त्याचे अब्बा रमजानच्या आधीच वारले.’ त्यांच्या जनाज्याला मी स्वतः गेलो होतो.

रविवारी बस मोमिनपुऱ्यातून निघाली. कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक, आणि तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर नगरधन. आज दिसतो तो किल्ला नंतरच्या काळातला. पण वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. इथे २०१५ ते २०१८ या काळात पुरातत्त्व विभाग आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात मातीवर उठवलेला मोहरेचा एक ठसा मिळाला. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत एका राणीचे नाव आहे: प्रभावतीगुप्ता.

तटाच्या सावलीत मुलांना बसवून तिची हकिकत सांगितली. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन वारला तेव्हा मुले लहान होती. रोम हादरत होते त्या सुमारास, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, विदर्भाचा कारभार या विधवा आईने सांभाळला. नंदिवर्धनहून दिलेला तिचा ताम्रपट पुण्यात मिळाला; त्यावर तेरावे वर्ष नोंदलेले आहे. त्यात ती आधी माहेरच्या गुप्त घराण्याची ओळख देते, मग युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. आपल्या निकाहनाम्यातही वधूच्या नावापुढे वडिलांचेच नाव असते, हे मुलींच्या लगेच लक्षात आले.

तो मुलगा मागे बसला होता. त्याने विचारले, ‘सर, तिचा शिक्का चालायचा?’

‘चालायचा. जमिनी त्याच शिक्क्यावर दिल्या जायच्या.’

तो काही बोलला नाही. परतीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, माफी मागितली आणि संमतिपत्र मागितले. खिशातून त्याने चार घड्या केलेला कागद काढला. ‘वडिलांची’ या शब्दावर मी रेघ मारली, वर ‘पालकांची’ लिहिले आणि अम्मीच्या सहीचा तो कागद फाईलला लावला.

सोमवारी मुख्याध्यापकांकडे गेलो. पुढच्या वर्षी फॉर्म नव्याने छापायचा ठरला आहे.