आयलंड की पेनिन्सुला? आणि चौका कुठं लावायचा?



शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं, चारी बाजूंनी पाणी ते बेट आणि तीन बाजूंनी पाणी, एक बाजू जमिनीला जोडलेली, ते द्वीपकल्प. बेट आणि द्वीपकल्पातला फरक पुढं बी.कॉम.ला काही कामी आला नाही, संसारातही नाही. पण हल्ली मॉड्युलर किचनवाल्याच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न हाच, "आयलंड करायचं की पेनिन्सुला?" आयलंड म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध सुटा उभा असलेला ओटा, ज्याच्या चारी बाजूंनी फिरता येतं. पेनिन्सुला म्हणजे भिंतीतून हातासारखा बाहेर आलेला ओटा, ज्याच्या तीन बाजू मोकळ्या असतात.

आमच्या घरात या एका प्रश्नावर तीन पिढ्यांची तीन मतं निघाली. सून नोकरी करते. तिला आयलंड हवं होतं. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, दुसरी प्रतिमा घेतलेल्या व्रती. त्यांनी सगळे नकाशे शांतपणे पाहिले आणि एवढंच विचारलं, "चौका कुठं लावायचा मग?" मी मधली. माझं मत विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून मी टेप आणि वही घेऊन बसले.

सुनेचं म्हणणं आधी सांगते, कारण ते फॅशनपायी नव्हतं. ती म्हणाली, "आई, दिवसभर ऑफिसातनं येऊन परत भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. मागं सगळे बोलत असतात, पोरगं अभ्यास करत असतं आणि मला नुसते आवाज ऐकू येतात." आमचं स्वयंपाकघर दहा फूट रुंद आणि आठ फूट खोल, दाराला पडदा. पस्तीस वर्षं मी त्याच भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या, त्यामुळं ती काय म्हणते ते मला वेगळं समजवायला नको होतं.

ही छोटी, बंद, एकटीच्या स्वयंपाकघराची पद्धत काही आपल्या आज्यांची नव्हे. त्यांची चूल सोप्याच्या आत असायची आणि चुलीपाशी चार बायका बसलेल्या असायच्या. १९२६ साली जर्मनीत मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. हात लांबवला की वस्तू मिळावी, बाईची पावलं आणि वेळ वाचावा, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण बाई आत एकटी पडते, ही तक्रारही त्यावर झाली. आपल्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं बघितली तर त्याच्याच पुतण्या-भाच्या वाटतात. तेव्हा मधली भिंत काढावी, हे मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. ती चार इंची विटेची आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून तिच्यावर भार नाही ना, हे बघून घेतलं, सोसायटीला पत्र दिलं. वरचा बीम आणि कोपऱ्यातला कॉलम यांना कुणी हात लावायचा नाही, हे मिस्त्रीला तीनदा बजावलं.

भिंत गेली की पलीकडच्या जेवणाच्या खोलीसह दहा फूट रुंद आणि एकोणीस फूट लांब अशी एक जागा होते. आता वहीतला हिशेब बघा.

मागच्या भिंतीला लागून दोन फुटांचा ओटा, गॅस आणि सिंक तिथंच. त्याच्यासमोर वावरायला जागा. एकटी काम करत असेल तर साडेतीन फूट पुरतात, पण पाठीला पाठ लावून दोघी असतील तर चार हवेत. आम्ही दोघी-तिघी असतो, म्हणून चार धरले. मग अडीच फूट रुंदीचा नवा ओटा. इथपर्यंत आयलंड आणि पेनिन्सुला सारखेच. फरक आडव्या मापात आहे. आयलंडला दोन्ही टोकांना जायला-यायला तीन-तीन फूट सोडावेच लागतात, त्याहून कमी सोडले की कुकर घेऊन जाणारी आणि फ्रीज उघडणारी एकमेकींवर आपटणार. दहा फुटांतून सहा गेले, उरले चार. चार गुणिले अडीच म्हणजे दहा चौरस फूट. पेनिन्सुला भिंतीला जोडलेला, एकाच टोकाला तीन फुटांची वाट. म्हणून सात गुणिले अडीच, साडेसतरा चौरस फूट. त्याच जागेत पावणेदोनपट ओटा! दुकानातल्या फोटोत आयलंड मोठा दिसतो, कारण तो फोटो वीस फूट रुंद स्वयंपाकघराचा असतो. तेरा-चौदा फुटांच्या आत रुंदी असेल तर मला तरी आयलंड परवडणारा वाटत नाही, आणि इथं मी पैशांचं बोलत नाहीये.

नळाचा मुद्दाही तसाच. मधोमध सुट्या ओट्यावर सिंक हवं असेल तर सांडपाण्याचा पाइप जमिनीखालून न्यायचा. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडता येत नाही, म्हणून फरशीच उंच करायची. पाइपला दर फुटाला पाव इंच उतार धरला तर दहा फुटांत अडीच इंच, वर पाइपची जाडी, फरशीचा मसाला. म्हणजे स्वयंपाकघरात पाच-सहा इंचांची पायरी. सासूबाईंचं सोडा, माझ्याच गुडघ्यांना ती नको आहे. शिवाय उतार कमी पडला की पाइपात पाणी साचतं, तिथं झुरळं होतात, आणि मग ती घालवायला औषध मारा. जीव होऊ नयेत अशी रचना आधीच करावी, होऊन मग मारण्यापेक्षा. आयलंडवर गॅस घ्यायचा तर गॅसची नळीही जमिनीखालून येणार आणि चिमणी छतातून लोंबणार, जी भिंतीवरच्या चिमणीपेक्षा महाग असते. सुनेला मी विचारलं, "तुझा खरा वेळ कशात जातो?" तिनंच उत्तर दिलं, निवडणं, चिरणं, कणीक मळणं, डबे भरणं. विस्तवापाशी त्यामानानं थोडा वेळ. तर ही सगळी कामं नव्या ओट्यावर, घराकडं तोंड करून. भाकरी मात्र भिंतीकडंच बघून थापावी लागणार, कारण थापलेली भाकरी तव्यावर टाकायला दोन पावलं चालणं कुणालाच जमत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न.

व्रतींचा स्वयंपाक सोवळ्यात होतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी दुहेरी कापडानं गाळायचं, गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलं तर २४ तास. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. (हे एक लक्षात ठेवा, दुकानदार वीस किलो पिठाचा ड्रॉवर दाखवतो तेव्हा कामी येतं. आपल्याला पिठाचा मोठा ड्रॉवर नको, घरघंटीला जागा हवी.) आणि स्वयंपाक करणारीला बाहेरच्या कपड्यातल्या कुणाचा स्पर्श होता कामा नये. जुन्या स्वयंपाकघरात हे आपोआप सांभाळलं जायचं. दार एकच, दारात सासूबाई बसल्या की आत कोण येणार!

आयलंडच्या नकाशात मी पेन्सिलीनं माणसं चालवून बघितली. नातू शाळेतून येतो, डावीकडनं शिरतो, फ्रीजमधलं पाणी घेतो, उजवीकडनं बाहेर. हे ऑफिसचा डबा सिंकमध्ये ठेवायला उजवीकडनं येतात, डावीकडनं जातात. दोन वाटा असल्या की माणसं गोल फिरतात, त्यात त्यांचा दोष नाही, घरच तसं सांगतं. मध्ये सोवळ्यातली बाई कुठं उभी राहणार? सासूबाई बोलल्या नसत्या. त्यांचा स्वभाव तसा नाही. त्यांनी हळूहळू मागच्या बाल्कनीत शेगडी मांडली असती आणि तिथं एकट्या शिजवून घेतलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर ते इतकं स्पष्ट आलं की मी वही मिटून ठेवली. सुनेचा एकटेपणा घालवायला भिंत पाडायची आणि सासूबाईंना बाल्कनीत पाठवायचं, हा जमाखर्च मला जुळवता येईना.

आणि महाराजांचा आहार. चातुर्मासात आमच्या गावात संघ असला की आम्ही चौका लावतो. पडगाहन खाली दारात होतं, मग वर येऊन पादप्रक्षालन, पूजन, आणि महाराज उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, दिवसातून एकदाच. त्यांच्यासमोर चौकी, खाली परात, आणि आहार देणारे चार-सहा जण सोवळ्यात. दर्शनाला आलेली मंडळी वेगळीच. अन्नात केस निघाला, जीव दिसला की अंतराय, महाराज तिथंच थांबतात, दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. ज्यांच्या चौक्यात अंतराय झालाय त्यांना त्या दिवशी घरात कसं वाटतं, ते विचारा. म्हणून स्वयंपाकाच्या जागेत विनाकारण कुणाची ये-जा नको, आणि जेवणाच्या खोलीची जमीन मात्र पूर्ण मोकळी हवी.

पेनिन्सुलात हे दोन्ही जमतं. तो जवळजवळ जुन्या भिंतीच्याच रेषेवर येतो, सहा इंच काय तो पुढं. वाट एकच, तीन फुटांची, जुन्या दाराएवढीच. आतली बाई आतच राहते आणि भांडी ओट्यावरनं पलीकडं देते. बाकीचे बाहेर. सासूबाईंना मी हे फरशीवर खडूनं आखून दाखवलं. त्या रेषेपाशी उभ्या राहिल्या, हातानं कमरेएवढी उंची मोजली आणि म्हणाल्या, "म्हणजे भिंत इथपर्यंतच राहिली म्हण की." सून पलीकडनं म्हणाली, "आणि इथनं वर मला सगळे दिसतात." झालं, ठरलं.

पेनिन्सुलात एक खोट असते तीही सांगते. भिंतीला जिथं तो जुळतो तिथं काटकोनात कपाट केलं की आत अंधारा कोपरा तयार होतो. तिथं हात पोचत नाही, ओल टिकते, आणि सहा महिन्यांनी उघडलं की बघवत नाही. आयलंडला हा कोपरा नसतो, चारी बाजूंनी झाडता येतं, हे त्याच्या बाजूनं मी मान्य करते. दुकानदार त्या कोपऱ्यासाठी फिरणाऱ्या जाळ्या दाखवतो. त्याच्या बिजागऱ्यांत पुन्हा खरकटं. आम्ही तिथं कपाटच केलं नाही. भिंतीकडचे तीन फूट ओटा ३० इंच उंचीवर घेतला, खाली पूर्ण मोकळा, म्हणजे खुर्ची घेऊन गुडघे आत घालून बसता येतं. उरलेला चार फूट ३४ इंचांवर, उभ्यानं काम करायला. खिडकी नेमकी त्या भिंतीत आहे. धान्य निवडायला दिवसाचा उजेड लागतो, ट्यूबलाइटमध्ये तांदळातला सोंड्या दिसतो पण पोरकिडा दिसत नाही. ती जागा सासूबाईंनी न विचारताच घेतली आहे. आतल्या बाजूला त्याच भिंतीवर, चार फुटांच्या वाटेच्या टोकाला, एक अरुंद दगडी फळी आणि एक नळ. ती फक्त पाण्याची जागा, कळशी, गाळणं आणि जिवाणीचं भांडं ठेवायला. खाली कपाट नाही, सगळं उघडं.

टोकाच्या कडा गोल करून घ्या. तीन फुटांच्या वाटेतून वळताना कंबर नेमकी तिथंच लागते. पायाशी चार इंच आत घेतलेली पट्टी ठेवा, म्हणजे उभं राहताना बोटं आत जातात. पण पट्टी आणि फरशीत फट ठेवू नका, मुंग्यांची वसाहत तिथंच होते.

काम आषाढी अष्टाह्निकेच्या आत संपवायचं, असं मिस्त्रीनं कबूल केलंय. वास्तूचं कुणी विचारेल तर आमच्याकडं त्यावर चर्चा झाली नाही, वेळच उरला नाही.

फक्त दगड ठरायचा आहे. दुकानात सगळे काळा ग्रॅनाइट घ्या म्हणतात, डाग दिसत नाहीत. मला नेमकं तेच नको आहे, काळ्यावर मुंगी दिसत नाही आणि पुसणं फिरवल्यावर कळतं. पांढऱ्या संगमरवराला हळद आणि लिंबू सोसत नाही. फिकट राखाडी ग्रॅनाइटचे दोन तुकडे आणून खिडकीत ठेवलेत. सासूबाई त्यावर रोज चार दाणे मोहरी टाकून बघतात, चष्म्याशिवाय मोजता येतात का ते. एकावर काल चारही सापडले.